‘डिग अप’ पुन्हा पुन्हा चुकतंय? क्रियापद बाजूला ठेवा, आधी कर्म तपासा

पुण्यात राहून इंग्रजीत काही लिहायचं म्हटलं की खोदाई टळत नाही. सोसायटीची नोटीस, क्षेत्रीय कार्यालयाला द्यायचा तक्रारअर्ज, मराठी बातमीचा इंग्रजी अनुवाद, इतिहासाचा प्रबंध, संग्रहालयातली माहितीपाटी, कुठे ना कुठे काहीतरी खणलेलं, खोदलेलं, उकरलेलं असतंच. आणि त्या सगळ्यासाठी लिहिणाऱ्याला एकच क्रियापद सुचतं, ‘डिग अप’. मी अनुवादकांचे मसुदे तपासते आणि संध्याकाळी नोकरदार मंडळींना लेखी इंग्रजी शिकवते. दोन्हीकडे या क्रियापदाची चूक हटत नाही. एका वाक्यात दुरुस्त केली की दुसऱ्या वाक्यात ती हजर. लिहिणारी माणसं हुशार असतात, मन लावून शिकतात, तरी चूक परत येते. याचा अर्थ आपण वाक्य दुरुस्त करतो आणि दुखणं तसंच राहतं.

मला सारखी भेटणारी वाक्यं अशी असतात:

‘द सोसायटी विल डिग अप अ न्यू बोअरवेल.’
‘दे डिग्ड अप द रोड अँड डिडन्ट फिल अप इट.’
‘आय डग अप माय स्वेटर फ्रॉम द लॉफ्ट.’
‘द आर्किऑलॉजिस्ट्स डग अप इनामगाव.’
‘द कमिटी इज डिगिंग अप द मॅटर.’
‘माय आंट डग मी अप अबाउट माय सॅलरी.’

वरवर पाहिलं तर सगळ्यांना एकच रोग आहे असं वाटतं. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येकात बिघाड वेगळा आहे, आणि स्वेटरचं वाक्य तर पूर्ण चूकही म्हणता येणार नाही. म्हणून ‘डिग अपच्या जागी डिग लिहा’ असा एकच सल्ला देऊन भागत नाही.

मूळ कुठे आहे?

आपण ‘डिग अप’ पाठ करतो ते ‘खणणे, खोदणे, उकरून काढणे, शोधून काढणे’ अशी ओळ करून. ओळीतला एकही अर्थ खोटा नाही. पण मराठीतलं ‘खणणे’ किती वेगवेगळ्या गोष्टींना लागू पडतं ते आपल्या लक्षात येत नाही, कारण ती आपली रोजची भाषा आहे. विहीर खणली, म्हणजे आधी विहीर नव्हती, खणल्यामुळे झाली. अंगण खणलं, म्हणजे अंगण होतं, ते उखणलं गेलं. सुरण खणून काढला, म्हणजे सुरण जमिनीत होता, तो वर आला. क्रिया एकच, कुदळ एकच, पण त्या क्रियेने विहिरीचं, अंगणाचं आणि सुरणाचं जे झालं ते अगदी निराळं आहे.

इंग्रजी याच ठिकाणी फाटा फोडतं. जी वस्तू खणल्यामुळे तयार होते तिला नुसतं ‘डिग’ लागतं. ‘डिग अ वेल’, ‘डिग अ पिट’, ‘डिग अ ट्रेंच’, ‘डिग द फाउंडेशन्स’. जो पृष्ठभाग फुटतो, उखडतो, त्याला ‘डिग अप’. ‘डिग अप द रोड’, ‘डिग अप द लॉन’. आणि जी वस्तू जमिनीखालून वर येते तिलाही ‘डिग अप’. ‘डिग अप अ यॅम’, ‘डिग अप अ बोन’. म्हणजे त्या ‘अप’ला काम आहे. एक तर जमीन उकरून वर निघते, नाही तर जमिनीतलं काहीतरी वर निघतं. खड्ड्याच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. खड्डा वर येत नाही आणि फुटतही नाही, तो फक्त होतो.

त्यामुळे लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे. काम संपल्यावर कर्माचं काय झालं? ते तयार झालं, उखडलं, की वर आलं? याचं उत्तर मराठीत द्या. मराठीत ते चटकन येतं, कारण उखणणे, उकरणे, खणून काढणे, उपसणे, उपटणे असे वेगवेगळे शब्द आपण बिनचूक वापरत असतो. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र हे सगळे एका ‘डिग अप’मध्ये कोंबतो.

‘डग अप अ वेल’ लिहिलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की जुनी बुजलेली विहीर खणताना सापडली, किंवा चांगली असलेली विहीर कुणीतरी उखडून टाकली. कसब्यासारख्या जुन्या पेठेत काम चालू असेल तर पहिला अर्थ सहज खरा वाटू शकतो. म्हणून ही चूक मी बारीक मानत नाही. वाक्य व्याकरणात बसतं, वाचणाऱ्याला कळतंही, पण कळतं ते भलतंच.

बोअरचं आणखी वेगळं आहे. बोअर आपण मराठीत मारतो किंवा घेतो, खणत नाही. इंग्रजीतही ती ‘ड्रिल’ करतात किंवा ‘सिंक’ करतात. ‘द सोसायटी विल ड्रिल अ न्यू बोअरवेल’ एवढं पुरे.

एकाच रस्त्यावर दोन्ही रूपं

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारातच मिळतं. केबल टाकायची असते तेव्हा रस्ता खोदतात आणि त्यात चर खणतात. माणसं तीच, यंत्र तेच, दिवस तोच. तरी इंग्रजीत ‘दे डग अप द रोड’ आणि ‘दे डग अ ट्रेंच’. रस्ता उखडला, चर झाला. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवते. आधी रस्त्याची आडवी रेघ, मग ती मधे तोडून खाली उतरलेला चर. तुटलेल्या रेघेवर ‘अप’ लिहायचं, खालच्या पोकळीपाशी काही लिहायचं नाही. ज्यांना नियम सांगून पटत नाही त्यांना हे चित्र पटतं.

बागेतही असंच बघायचं. जास्वंद मुळासकट काढून दुसरीकडे लावली, तर ‘डिग अप द हिबिस्कस’. बटाटे, रताळी, हळद काढली तर ‘डिग अप’ चालतं. पिकाची काढणी म्हणून लिहायचं असेल तर नुसतं ‘डिग द पोटॅटोज’ हेही रुळलेलं इंग्रजी आहे, ते कुणी लिहिलं तर खोडू नका. भुईमूग मात्र आपण उपटतो, म्हणून ‘पुल अप’. वाफ्यातली माती खालीवर केली तर ‘डिग ओव्हर’. विहिरीतला किंवा धरणातला गाळ उपसला तर ‘रिमूव्ह द सिल्ट’ किंवा ‘डीसिल्ट’. खडकवासल्याच्या गाळाबद्दलच्या मजकुरात ‘डग अप द डॅम’ असं कुणी लिहिलं तर धरण उखडल्याचा अर्थ होईल, आणि धरणाखाली राहणाऱ्या शहरात असं वाक्य जाऊ देता येत नाही.

‘इट’ कुठे ठेवायचं?

दुसरा नेहमीचा बिघाड शब्दांच्या क्रमाचा आहे. हा समजायला सोपा आहे, त्यामुळे लवकर उरकते. ‘डिग’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये कर्म घालता येतं. ‘डग अप द रोड’ बरोबर, ‘डग द रोड अप’ही बरोबर. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसलं पाहिजे. ‘डग इट अप’, ‘डग देम अप’. ‘डग अप इट’ कधीच नाही. बोलताना जोर ‘अप’वर येतो, हे तोंडाने दहा वेळा म्हणून पाहिलं की हात आपोआप बरोबर लिहितो. कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘शाळेपासून चौकापर्यंतचा सगळा रस्ता’ अशासारखं, तर ‘अप’ आधी उरकून घ्यावं, नाही तर वाचणारा वाक्याच्या शेवटापर्यंत त्या ‘अप’ची वाट बघत बसतो.

भूतकाळाचं रूप ‘डग’, आणि ‘हॅज’ किंवा ‘वॉज’च्या पुढेही ‘डग’च. ‘डिग्ड’ हे जुनं रूप आहे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं, आजच्या अर्जात ते नको.

माळ्यावरचा स्वेटर

‘आय डग अप माय स्वेटर फ्रॉम द लॉफ्ट’ कळतं, आणि काही इंग्रज माणसं बोलताना असं म्हणतीलही. तरी इथे ‘डग आउट’ जास्त शोभतं. स्वेटर तुमचाच होता, तुम्हीच ठेवला होता, बऱ्याच दिवसांत वापरला नव्हता, आणि चार गाठोडी बाजूला सारून तो बाहेर काढलात. स्वतःजवळची, साठवलेली, मागे पडलेली वस्तू म्हणजे ‘डिग आउट’. जुना पासपोर्ट, लग्नातले फोटो, शाळेचा दाखला ही सगळी याच घरातली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं तरी ‘डिग आउट’च. हा भेद जपायलाच हवा. दरड किंवा भिंत कोसळल्याच्या बातमीत जिवंत माणसाबद्दल ‘डग अप’ लिहिलं तर पुरलेलं प्रेत उकरल्यासारखं वाटतं. अशा बातमीचा अनुवाद करताना ‘पुल्ड आउट’, ‘रेस्क्यूड’, ‘डग आउट’ यांपैकी काहीही घ्या, ‘डग अप’ तेवढं नको.

इनामगाव कुणी ‘डग अप’ केलं नाही

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजमुळे पुरातत्त्वाचं लेखन सतत होत असतं, आणि त्याचे अनुवादही.

इनामगाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली नावं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. अशा जागेबद्दल ‘दे डग अप इनामगाव’ लिहिलं की वाचणाऱ्यापुढे उखणलेलं, नासवलेलं गाव उभं राहतं. वर पाहिलं ना, पृष्ठभाग कर्म असला की ‘डिग अप’चा अर्थ तो उखडणं असा होतो. पुरातत्त्वज्ञ करतात ते याच्या नेमकं उलट. मातीचा एकेक थर ओळखून, मोजून, नोंदवून मगच तो काढतात. कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे हरवलं तर ती वस्तू हाती असूनही तिचा बराचसा अर्थ गेला. या कामाला ‘एक्स्कॅव्हेट’ हा शब्द आहे, आणि त्याचं कर्म म्हणजे जागा. ‘दे एक्स्कॅव्हेटेड इनामगाव.’

सापडलेल्या वस्तूंना ‘अनअर्थ’ किंवा ‘अनकव्हर’ लावा. ‘ट्विन अर्न्स वेअर अनअर्थ्ड बिनीथ द हाउस फ्लोअर्स.’ इथे ‘डग अप’ व्याकरणाने चुकणार नाही, कारण वस्तू खरोखर वर आली. पण मुलाच्या दफनाबद्दल बोलताना तो शब्द आडदांड वाटतो, आणि अभ्यासकांच्या लेखनात त्याला चोरट्या खोदाईचा वास येतो. मी असा शब्द मसुद्यात दिसला की बदलतेच. कायद्याने किंवा तपासासाठी मृतदेह बाहेर काढला असेल तर त्याला वेगळा शब्द आहे, ‘एक्झ्यूम’.

शहरात अचानक काही सापडतं त्याची तऱ्हा आणखी निराळी. 2019 मध्ये मंडईजवळ मेट्रोच्या कामात जमिनीत खोलवर मोठ्या प्राण्याची हाडं सापडली. त्याच वर्षी स्वारगेटला खोदकामात जुना भुयारी जलमार्ग लागला. हाडांबद्दल ‘वर्कर्स डग अप बोन्स’ असं बातमीत लिहायला हरकत नाही. हाडं वर आली, कामगार ती शोधत नव्हते, तरी ‘डिग अप’ चालतं, कारण त्यात हेतू असलाच पाहिजे असं नाही. भुयाराला मात्र ते चालत नाही. भुयार जागच्या जागी राहिलं, त्याच्यावरची माती तेवढी हटली. म्हणून ‘अनकव्हर्ड अ टनल’ किंवा ‘केम अपॉन अ टनल’. एकाच बातमीत हाडं आणि भुयार दोन्ही आली तर दोन क्रियापदं वापरावी लागतील, एकावर भागवू नका.

आणि उलट दिशेचा अनुवाद करताना, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, ‘हाडं खोदली’ असं लिहू नका. हे मला छापील मजकुरातही दिसतं आणि फार खटकतं. हाडं खोदत नाहीत, हाडं सापडतात, मिळतात, निघतात, लागतात. ‘खोदकामात हाडं सापडली’ हे सरळ मराठी आहे.

‘लागलं’ला काय म्हणायचं?

वर ‘लागला’ शब्द आला, तो थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण खोदाईच्या मराठीत तो फार कामाचा आहे. पाणी लागलं, खडक लागला, जुनी पाइपलाइन लागली. पुण्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यामुळे पायाच्या किंवा बोअरच्या कामात ‘पाषाण लागला’ हे वाक्य ऐकू येतंच. इंग्रजीत याला ‘डिग अप’चा संबंध नाही. पाणी लागलं तर ‘स्ट्रक वॉटर’, खडक लागला तर ‘हिट रॉक’. पाइपलाइन लागली तर नुकसान झालं का ते आधी ठरवा. नुसती दिसली असेल तर ‘केम अक्रॉस अ पाइप’, फुटली असेल तर ‘हिट अ पाइप’. ‘डग अप अ पाइप’ म्हणजे पाइप बाहेर काढून टाकला. तक्रारअर्जात यातला फरक महत्त्वाचा ठरतो, भरपाई मागायची असेल तर फारच.

माहिती उकरून काढताना

आता माती सोडून कागदाकडे. ‘डिग अप’चा हा वापर मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा, कारण ‘उकरून काढणे’ आपण अगदी तसंच वापरतो. विसरलेली, दडलेली, कुणी तरी दडवलेली गोष्ट कष्टाने बाहेर आणली, तर ‘डिग अप’. जुनी बातमी, पुरावा, कुणाची लफडी. एखाद्याविरुद्ध वापरायला काही काढलं तर ‘डिग अप डर्ट ऑन समवन’. तिथे ‘ऑन’ लक्षात ठेवा आणि ‘डर्ट’चं अनेकवचन करू नका. गाडलेली मढी उकरून काढणं या आपल्या वाक्प्रचारासाठी ‘डिग अप द पास्ट’ किंवा ‘रेक अप द पास्ट’ चांगलं बसतं. कडवट आठवणी मुद्दाम ढवळून वर काढल्या तर ‘ड्रेज अप’.

चुकतं ते दोन जागी. पहिली जागा अशी की माहिती दडलेली नसतानाही ‘डिग अप’ लिहितात. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात. यादी बघून तुम्ही एक रुमाल मागितला, तो टेबलावर आला, तुम्ही मोडी वाचून टिपण काढलंत. हे ‘कन्सल्ट’ झालं. त्या रुमालात कुणाच्याही ध्यानात न आलेलं एखादं पत्र तुम्हाला गवसलं, तर मग ‘डग अप’ म्हणता येईल, आणि प्रबंधात ‘लोकेटेड’ किंवा ‘अनअर्थ्ड’ म्हणावं. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतून जुने कागद मिळवले. त्याच ध्यासातून 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांच्या कामाला ‘डग अप डॉक्युमेंट्स’ हे शब्द पुरेपूर लागू पडतात, कारण ते कागद कुठल्या यादीत नव्हते. संकेतस्थळावर एका क्लिकने मिळालेला तक्ता ‘डग अप’ केला असं प्रकल्प अहवालात लिहिलं तर वाचणारा त्या तक्त्यासाठी तुम्ही किती झटलात ते शोधत बसेल. तिथे ‘ऑब्टेन्ड’ किंवा नुसतं ‘फाउंड’ पुरतं.

दुसरी जागा, शोध अजून चालू असताना ‘डिग अप’ लिहिणं. ‘द कमिटी इज डिगिंग अप द मॅटर’ हे याचंच उदाहरण. मराठीत आपण म्हणतो, समितीने प्रकरण खणून काढायला घेतलंय. पण समितीच्या हाती अजून काही आलेलं नाही, ती नुसती खोलात शिरली आहे. ही ‘डिग इन्टू’ची जागा. ‘द कमिटी इज डिगिंग इन्टू द मॅटर.’ उद्या तिला एखादी बनावट पावती मिळाली की ‘द कमिटी डग अप अ फोर्ज्ड रिसीट’. ‘इन्टू’च्या पुढे विषय येतो, ‘अप’च्या पुढे हाती आलेली वस्तू. मी हा भेद समजावते तेव्हा विद्यार्थ्यांकडून एकाच प्रकरणाची दोन वाक्यं लिहून घेते, आधी ‘इन्टू’चं, मग ‘अप’चं. त्यानंतर गोंधळ बराच ओसरतो.

माणसांच्या बाबतीत जपून. एखाद्या कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देताना ‘वी हॅव डग अप अ वंडरफुल स्पीकर’ असं कधी म्हणू नका. माणूस कर्म असला की ‘डिग अप’ अपमानकारक होतं, ‘कुठून हुडकून आणलंय याला’ अशा थाटाचं. वक्त्याचा मान राखायचा असेल तर ‘वी आर फॉर्च्युनेट टु हॅव’ म्हणा.

मराठी वाक्प्रचार जसेच्या तसे नेऊ नयेत

आत्याने पगाराबद्दल खोदून खोदून विचारलं, याचं ‘डग मी अप’ होत नाही. ते ‘प्रेस्ड मी अबाउट माय सॅलरी’, रागाने सांगायचं असेल तर ‘ग्रिल्ड मी’. भ्रष्टाचाराची पाळंमुळं खणून काढायची तर ‘रूट आउट करप्शन’. ‘डिग अप करप्शन’ म्हटलं तर भ्रष्टाचार उघडकीला आणणं एवढाच अर्थ होतो, संपवण्याचा भाव येत नाही. नको तो विषय उकरून काढला तर सौम्यपणे ‘ब्रॉट अप’, जुनं भांडण असेल तर ‘रेक्ड अप’. गणिताचं उत्तर शोधून काढलं तर ‘वर्क्ड आउट’. हरवलेली किल्ली आपोआप सापडली तर ‘टर्न्ड अप’, आणि तिथे किल्लीच कर्ता होते, ‘द की टर्न्ड अप’.

एक अर्ज दुरुस्त करून पाहू

वर्गात असा मसुदा नेहमी येतो. ‘द कॉन्ट्रॅक्टर डिग्ड अप अ ट्रेंच ऑन अवर रोड लास्ट मंथ अँड लेफ्ट इट. द रोड इज डिग अप सिन्स देन. व्हेनेव्हर वी कम्प्लेन, ही सेज ही विल फिल अप इट.’

चर तयार झाला, म्हणून त्याला ‘अप’ नको. रस्ता उखडला, म्हणून त्याला हवं. ‘सिन्स’बरोबर ‘इज’ चालत नाही, ‘हॅज बीन’ लागतं. चर बुजवणं म्हणजे ‘फिल इन’. अर्जदाराची मागणी नुसतं बुजवण्याची नाही, रस्ता पूर्ववत करण्याची आहे, त्याला ‘रीइन्स्टेट’ हा नेमका शब्द आहे. ठेकेदार काय म्हणतो ते वाक्य मी काढून टाकते. त्याची आश्वासनं तारखांसह वेगळ्या परिच्छेदात द्यावीत, तरच त्यांना वजन येतं. मग अर्ज असा होतो:

‘लास्ट मंथ अ कॉन्ट्रॅक्टर डग अप अवर रोड टु ले अ केबल. द ट्रेंच हॅज नॉट बीन फिल्ड इन, अँड द रोड हॅज बीन लेफ्ट डग अप एव्हर सिन्स. वी रिक्वेस्ट दॅट इट बी रीइन्स्टेटेड बिफोर द मॉन्सून.’

विषयाच्या ओळीत ‘डग-अप रोड’ असं नामाच्या आधी आलं तर मध्ये जोडरेघ द्या, आणि ‘द रोड इज डग अप’ असं नामाच्या नंतर आलं तर देऊ नका. ‘रोड डिगिंग’ हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या कार्यालयांत रुळलेला आहे, परवानगीबद्दल लिहिताना तोच ठेवावा, म्हणजे फाइल योग्य टेबलावर जाते. तोच मजकूर बाहेरदेशीच्या वाचकासाठी असेल तर ‘रोडवर्क्स’ लिहा.